पारण्याचं सार

जयपूर, रेल्वे कॉलनी
२७ जून १९८३

श्रीपाद,

पत्राच्या वर चिरंजीव लिहितात आणि खाली आशीर्वाद. आज दोन्ही लिहायला हात होत नाही. धाकटा भाऊ आहेस, तेव्हा दोन्ही लिहिलेले आहेत असं समज आणि पुढे वाच.

तू आईला घेऊन गेलास तेव्हा मी पार्सल ऑफिसात होतो. घरी आलो तर खाट रिकामी. सुमन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली. आई कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, "श्रीपादभाऊजींनी अमळनेरला नेलं."

मुदतीच्या तापातून नुकती उठलेली बाई. अंगणातल्या नळापर्यंत जायचं तर तिला भिंत धरावी लागते. तिला तू या उन्हात स्टेशनवर नेलंस, सवाई माधोपूरला गाडी बदलायला लावलीस, सुरतेला पुन्हा बदलायला लावलीस. मी रेल्वेत नोकरी करतो हे तुला ठाऊक आहे. मला एक शब्द विचारला असतास तर निदान खालचा बर्थ तरी मिळवून दिला असता. पण तुला घाई होती. तुला आईला पापातून बाहेर काढायचं होतं.

पाप काय, तर सुमनने द्वादशीला तुळस तोडली आणि आईच्या सारात घातली. आपल्या घरात द्वादशीला तुळशीला हात लावत नाहीत. दशमीला पानं तोडायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि तीच द्वादशीच्या नैवेद्याला वापरायची. हे मला तू शिकवू नकोस. दशमीला पानं तोडायचं काम माझं होतं तेव्हा तू रांगत होतास. सुमननेही दशमीला पानं तोडून ठेवली होती. पण ही जयपूरची लू, भाजून काढणारा वारा. सकाळी फडकं सोडलं तर पानांचा चहाच्या चोथ्यासारखा काळा गोळा झालेला. मी तो पाहून मग ड्यूटीवर गेलो.

पुढचं मला शेजारच्या मीराबाईंकडून कळलं. तू दारात उभा राहून ओरडलास, "वहिनी, तुम्ही आईचा उपास नासवलात." मीराबाईंना मराठी येत नाही, पण ओरडणं कुठल्याही भाषेत कळतं. सुमन काय म्हणाली ते त्यांनी सांगितलं नाही, कारण सुमन काही म्हणालीच नाही.

मी तिला विचारलं, "तू तोडलीस?"

ती म्हणाली, "सार निवतंय. आधी जेवून घ्या."

ती नाही म्हणत नाही म्हणजे तिनेच तोडली असणार. मग मी तुला सांगतो, तोडली. बरं केलं. आईच्या जिभेवर महिनाभर मातीची चव होती. भाताची पेज दिली, मुगाचं कढण दिलं, ताकाची कढी दिली. मीराबाई ताकात बाजरीचं पीठ शिजवलेली राबडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माजी, पी लो. हमारे यहाँ तो इससे मुर्दा भी उठ बैठे." आई म्हणाली, "मग मुर्द्यालाच दे." शेवटी सुमनने टमाट्याचं सार केलं आणि उतरवताना त्यात तुळशीची पानं फाडून टाकली. तो वास आल्यावर आईने मान उचलली. त्या दिवसापासून ती रोज दोन वाट्या घ्यायची. तिच्या अंगात जो जीव आला, ज्या जिवाच्या भरवशावर तू तिला गाडीत बसवलंस, तो त्या साराचा होता.

मी ड्यूटीवर गेल्यावर तू आईला बघायला आलास, त्या दिवशी पारणं होतं. आम्ही नको म्हटलं असतानाही आईने एकादशी केली होती. पारण्याला तिला ते सार मिळालं. तू ते अर्धं असताना तिला पाटावरून उठवलंस.

नियमाचा मला राग नाही. मीही रोज तुळशीला पाणी घालतो. पण द्वादशीला का तोडत नाहीत, हे वडील सांगायचे ते तुला आठवतं का? एकादशीला तुळसही देवासाठी निर्जळी उपाशी असते, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला दुखवायचं नाही. चार दिवस मी ड्यूटीवर येता-जाता हाच विचार करतो आहे. उपाशी झाडाने उपाशी म्हातारीला चार पानं दिली, तर पाप नेमकं कुणाच्या खात्यावर लिहायचं?

आईला काय खायला देता ते कळव.

जनार्दन


जयपूर
१४ जुलै १९८३

श्रीपाद,

तुझं कार्ड मिळालं. इतकं लांब राहिल्यावर तुला एक गोष्ट ठाऊक नसणार, म्हणून सांगतो. इथे हिंदी चालते आणि हिंदीची आणि आपली अक्षरं एकच आहेत. पोस्टमनने कार्ड माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "बाबूजी, ये प्रायश्चित्त किस बात का?" मी म्हणालो, घरचं आहे. तो म्हणाला, "सब ठीक हो जाएगा जी." कॉलनीत त्याच्या हातून अजून वीस घरांत टपाल जातं. यापुढे पाकीट वापर.

तू लिहितोस, दादा, तुम्हीच कबूल केलंत. हो, केलं. मी माझ्या बायकोच्या बाजूने उभा राहिलो, त्याचा तू पंचनामा केलास. लिहितोस, भजनी मंडळाच्या बुवांना विचारलं, त्यांनी सांगितलं की वहिनींनी कार्तिकात तुळशीच्या लग्नाला अमळनेरला यावं, एक एकादशी निर्जळी करावी आणि चार नातेवाइकांसमोर तुळशीपुढे नाक घासून क्षमा मागावी. मग आई परत जयपूरला यायला मोकळी. बुवांना माझा नमस्कार सांग. आणि हेही विचार की आपली आई त्यांनी कधीपासून तारण ठेवून घेतली.

आणि त्याच कार्डावर, खालच्या कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं लिहितोस की आई काही खात नाही. मधुमतीने सार करून पाहिलं, पण आईने एक घोट घेऊन थुंकलं. श्रीपाद, ही बातमी कोपऱ्यात लिहायची असते का?

सुमन इथे समोर कोथिंबीर निवडत बसली आहे. तिला कार्ड वाचून दाखवलं. प्रायश्चित्ताचं ऐकून तिने मान वर केली नाही. थुंकलं म्हटल्यावर केली. म्हणाली, "पितळेच्या पातेल्यात केलं असेल. त्यांच्याकडचं पातेलं कल्हईला आलेलं होतं, मी गेल्या दिवाळीत पाहिलं होतं. आंबट कळकतं त्यात. लिहा मधुमतीला." म्हणून मी लिहितो. इथून पुढचं पत्र मधुमतीच्या हातात दे, तुला त्यात कळण्यासारखं काही नाही.

मधुमती, स्टीलचं पातेलं घे. टमाटे गावठी घे, चपटे, खाचा पडलेले. तो लांबोडा गुळगुळीत येतो त्याला नुसता रंग असतो. देठाजवळ चीर दे आणि अख्खेच उकळत्या पाण्यात सोड. कोथिंबिरीची पानं वेगळी काढ, काड्या फेकू नकोस, दोऱ्याने बांधून त्याच पाण्यात टाक. आल्याचा एक तुकडा ठेचून टाक. सालं सुटली की काढून घे आणि सगळं पुरणाच्या चाळणीतून काढ. एकही बी खाली जाता कामा नये, आईच्या आतड्याला अजून बी सोसणार नाही. मग मीठ, गुळाचा लहानसा खडा. लाल तिखट नको. फोडणी तुपाची, जिऱ्याची. कढीपत्ता तुमच्याकडे दारात मिळतो. इथे सुमनला त्यासाठी मालवीय नगरला एका बंगल्याच्या कुंपणाशी उभं राहावं लागलं, आणि तिथल्या बाईने विचारलं, "मीठे नीम का क्या करोगी, बीमारी है क्या कोई?" एक उकळी आली की उतरवायचं आणि उतरवल्यावर कोथिंबिरीची पानं घालून झाकायचं. पानांना सुरी लावायची नाही. हाताने फाडायची. आणि आईसमोर झाकण काढायचं, आधी नाही.

सुमनने इथवर सांगितलं आणि थांबली. मी म्हणालो, "आणि तुळस?"

"ते राहू द्या," ती म्हणाली.

राहू देणार नाही. मधुमती, तुळस घाल. द्वादशी सोडून बाकीचे दिवस तुमच्या बुवांनी मोकळे ठेवले आहेत ना.

जनार्दन


जयपूर
९ ऑगस्ट १९८३

श्रीपाद,

तू पाकिटात पत्र घातलंस, एवढा तरी फरक पडला. आत मात्र तेच आहे. लिहितोस, परमुलखात राहून तुमचे आचार सुटले. मी इथे अकरा वर्षं आहे. सांगानेरच्या कापडछपाईच्या कारखान्यांचा माल येतो, त्याच्या गाठी मोजतो, पावत्या फाडतो, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन देवापुढे बसतो. गावच्या शाळेत गुरुजींनी जे श्लोक पाठ करून घेतले तेच म्हणतो, त्यात भर घालण्याएवढी माझी विद्या नाही. कानोत्याच्या धरणावर कॉलनीची सहल गेली तेव्हा सोमवार होता, सगळे पुरी-भाजी खात होते आणि मी शेंगदाणे खाल्ले. मी हे कुणाला सांगत नाही. तुला सांगावं लागतं याचीच मला चीड येते. आपल्या भावाला आपली भक्ती हिशेबाला लावून दाखवायची वेळ यावी.

लिहितोस की आईने मधुमतीचं दुसरं सार चाखलंही नाही. स्टीलच्या पातेल्यातलं होतं, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं, झाकण तिच्यासमोर काढलं, आणि तिने तोंड फिरवलं. भाताच्या पेजेवर आहे. तेही दोन चमचे. डॉक्टर म्हणतो ताप नाही, पोटात काही नाही, मग का खात नाही ते मला कळत नाही. तू म्हणतोस, हा दोष आहे, प्रायश्चित्त झाल्याशिवाय जाणार नाही.

हे वाक्य मी सुमनला वाचून दाखवायला नको होतं. संध्याकाळी पाहतो तर तिने ट्रंकेतून दोन लुगडी बाहेर काढून ठेवलेली.

"कुठे?"

"अमळनेरला. कार्तिकापर्यंत कशाला थांबायचं. मी क्षमा मागते. नाक घासा म्हणतात तर घासते. नाक झिजत नाही."

"तू जाणार नाहीस."

"आई दोन घास खातील."

"तुझ्या नाकाने आईला भूक लागणार असेल तर ती भूक नको मला."

तेव्हा तिने मला जे सांगितलं ते लिहितो, कारण घरात आणखी कुणी ऐकायला नव्हतं. म्हणाली, "भूक तुम्हाला नको आहे. आईंना हवी आहे. तुम्ही दोघं भाऊ एकमेकांशी भांडा, पण मध्ये ती म्हातारी आहे हे कधी लक्षात येईल तुमच्या?"

मी तिला पास काढून दिला नाही. रेल्वेवाल्याच्या बायकोला पासाशिवाय कुठे जायची सवय नसते. तिने लुगडी परत ट्रंकेत ठेवली आणि तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. ही तुझ्या पत्राची कमाई.

सुमनचं आणि आईचं कसं आहे ते तुला ठाऊक नाही, कारण तू ते पाहिलेलं नाहीस. लग्नानंतरची दहा वर्षं त्या दोघींचं पटत नव्हतं. पोळ्या जाड, दूध उतू गेलं, माहेरची माणसं फार येतात. मग आई इथे राहायला आली. या मुलखात मराठी बोलायला दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. हळूहळू त्या एकमेकींच्या झाल्या. तापात आईची वेणी सुमन घालायची. आई तिला म्हणायची, "हात कडक आहे तुझा, पण गाठ पडत नाही." आईच्या तोंडून एवढी स्तुती मी माझीही कधी ऐकली नाही. त्या बाईला तुला तुळशीपुढे उभी करायची आहे.

राखीपौर्णिमेनंतर मला रजा आहे. मी स्वतः येतो. तुझ्याशी बोलायला नाही. आईला भेटायला.

जनार्दन


जयपूर
३० ऑगस्ट १९८३

श्रीपाद,

परवा तुझ्या घरून निघालो आणि आज हे लिहितो. तू मनात म्हणशील, दादा दोन दिवस घरात होते, तेव्हा तोंड उघडलं नाही, आता पत्र कशाला. ते का, हे पत्र संपेपर्यंत तुला कळेल. हे दुकानात बसून वाच. घरी नेऊ नकोस आणि मधुमतीलाही लगेच दाखवू नकोस.

मी पोचलो तेव्हा तू दुकानात होतास. आई मागच्या खोलीत होती. मी तिला ओळखलं ते कपाळावरच्या गोंदणामुळे. श्रीपाद, तू रोज पाहतोस म्हणून तुला दिसत नसेल. मला दिसलं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जाताहेत. तुझ्यावर हात उचलावा असं मला त्या क्षणी वाटलं. तू घरी नव्हतास हे बरं झालं.

मी मधुमतीला म्हणालो, चूल मोकळी कर. ती म्हणाली, "दादा, तुम्ही चुलीपाशी? गल्लीत कळलं तर माझं नाव जाईल."

"दार लावून घे."

तिने दार लावलं आणि शेजारी उभी राहून मला काड्या बांधायला दोरा दिला. माझी सालं काढताना बोटं भाजली तेव्हा हसली. चांगली मुलगी आहे. जसं सुमनकडून ऐकलं होतं तसं मी सगळं केलं. अंगणात जाऊन तुझ्या वृंदावनातली चार पानं तोडली. त्या दिवशी कुठलीही तिथी आड येत नव्हती, पंचांग पाहून तोडली, कारण मला तुझ्या हाती आणखी एक कारण द्यायचं नव्हतं. पातेलं उतरवलं, पानं फाडून टाकली, झाकलं आणि आईसमोर नेलं.

झाकण काढलं. आईने वास घेतला. तिचे डोळे मिटले, नाकपुड्या हलल्या. मला वाटलं, आता घेणार. आणि तिने वाटी माझ्या अंगावर लोटली. "उचल हे. माले नको."

माझा तोल गेला. अख्खा प्रवास गाडीत बसून आलो होतो, बोटं भाजली होती, आणि दोन महिने मी या एका वाटीसाठी सगळ्यांशी भांडत होतो. मी म्हणालो, "आई, काय चालवलंयस तू? एका मुलाला म्हणतेस सुनेने बाटवलं, दुसऱ्याच्या हातचं लोटून देतेस. मरायचं असेल तर तसं सांग, आम्ही भांडण तरी थांबवतो."

असं कुणी आईशी बोलत नाही. मी बोललो.

ती म्हणाली, "मी कुठे म्हणाले सुनेने बाटवलं? मी काहीच म्हणाले नाही. तेच तर."

मग तिने सांगितलं. मी तिच्या शब्दांत लिहितो, माझं काही घालत नाही.

"तुळस मी तोडली. सुमन आंघोळीला गेली होती. फडकं सोडून पाहिलं तर पानं काळी. तू ड्यूटीवर गेला होतास, श्रीपाद नुकताच येऊन देवापुढे बसला होता. माझ्या डोक्यात तो वासच भरला होता. आदल्या दिवशी निर्जळी होते, तोंड नुसतं कोरडं. मला वाटलं, एवढं मोडलं तर काय होईल. भिंत धरून गेले. भिंत संपली तिथून रांगत गेले म्हण. शेंडाच तोडला. जन्मभर पाळलं रे मी. जन्मभर. आणि त्या दिवशी लहान पोरासारखं केलं."

मी विचारलं, "सुमनने पाहिलं?"

"ओल्या केसांनी बाहेर आली आणि पाहिलं. शेंडा माझ्या हातात होता. माझ्या हातातून घेतला, धुतला, सारात फाडून टाकला, मला पाटावर बसवलं. मग श्रीपाद अंगणात गेला आणि त्याला तुटलेला शेंडा दिसला. तो 'वहिनी' म्हणून ओरडला तेव्हा माझ्या तोंडात सार होतं. ते गिळलं आणि गप्प राहिले. सुमन माझ्याकडे पाहात होती. मी वाटीकडे पाहिलं. तेव्हापासून घास वर येतो."

मी म्हणालो, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"त्याला हे सगळं शिकवलं कुणी? मीच. तू पुढच्या शाळेला शहरात गेलास, तो माझ्या पदराला धरून वाढला. दशमी, एकादशी, द्वादशी, सगळं माझ्याकडून घेतलं त्याने. त्याला कोणत्या तोंडाने सांगू?"

श्रीपाद, मी खोलीतून उठून बाहेर गेलो. तुझ्या गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. मला आईचा राग आला होता. देवापुढे बसणारा माणूस म्हणून सांगतो, इतका राग मला तुझाही आला नव्हता. एका वाक्याने मिटणारी गोष्ट, आणि तिने ते वाक्य गिळलं. तिच्या सुनेचं नाव चार घरांत, एका मंडळात आणि जयपूरच्या पोस्टमनपर्यंत गेलं, तरी तिने ते बाहेर काढलं नाही. मग परत आलो तर ती सांडलेलं सार आपल्या पदराने पुसत होती. तिच्याकडून वाकवतही नव्हतं. मी तिच्या हातातून पदर सोडवला आणि फडकं आणलं.

ती म्हणाली, "तू सांग त्याला. पण माझ्यासमोर नको. तू गेल्यावर सांग."

म्हणून त्या रात्रीच्या जेवणाला तू भाकरी मोडता मोडता, आईला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंस, "दादा, वहिनी कार्तिकात येणार ना?", तेव्हा मी ताटाकडे बघत बसलो. मधुमतीला वाटलं मला भाजी आवडली नाही. तिने दुसरी वाढली.

आता ठरव. नियम तोच आहे, झाड तेच, तिथी तीच. फक्त वहिनीच्या जागी आई घाल. एक निर्जळी एकादशी, चार नातेवाईक, नाक घासायचं. बुवांना विचारून कळव की सत्तरीच्या बाईला काही सूट आहे का. तुझी जीभ रेटत नसेल तर विचार कर, सुमनसाठी ती इतकी सहज कशी रेटली. मी याच्यावर खूप विचार केला आणि मला एकच उत्तर सापडलं. ती परक्या घरातून आली आहे म्हणून. व्रताचा कळवळा मला त्यात कुठे दिसला नाही. तुला दिसत असेल तर दाखव.

मी घरी आलो आणि सुमनला म्हणालो, "आईने सांगितलं."

ती भांडी पुसत होती. म्हणाली, "सांगितलं त्यांनी? बरं झालं. आता जेवतील."

मी म्हणालो, "तुला ठाऊक होतं. मी पत्रांवर पत्रं लिहीत होतो, तुझ्या नावाने भांडत होतो, आणि तू समोर बसून मला काड्या कशा बांधायच्या ते सांगत होतीस. एकदाही तुला वाटलं नाही की नवऱ्याला खरं सांगावं?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच टपालाने श्रीपादभाऊजींना कळवलं असतं. आणि आई तिथे त्यांच्या घरात होत्या."

"तुझं नाव गेलं ते चाललं?"

तिने पुसलेलं ताट फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही माझ्या बाजूने लिहीत होतात. आधी कधी लिहिलं नव्हतंत. ऐकायला बरं वाटत होतं."

यावर मला राग धरता आला नाही. प्रयत्न केला.

आता तुला काय करायचं आहे ते ऐक. आईला यातलं काही कळल्याचं दाखवू नकोस. तोंडावर आणू नकोस, तिच्यासमोर उगाच गोडही होऊ नकोस, तिला लगेच कळेल. चीड आली तर ती मला पत्रात लिही, जाड पाकिटात. बुवांना आणि त्या चार नातेवाइकांना मात्र सांगायचं आहे की वहिनींनी तुळस तोडली नव्हती, माझी चूक झाली. कुणी तोडली ते विचारलं तर गप्प राहा. आपल्या घरात दोन बायका त्यासाठी दोन महिने गप्प राहिल्या, तुला एक संध्याकाळ जमेल.

आई म्हणते, जयपूरला यायचं आहे पण सुमनसमोर कशी उभी राहू. मी हे सुमनला सांगितलं. तिने ट्रंक ओढली. या वेळी मी पास काढून आणला. ती गणपतीच्या आधी तुझ्याकडे येईल, एकटी. सवाई माधोपूरला आणि सुरतेला माझे ओळखीचे लोक आहेत, ते तिला गाडीत बसवून देतील. ती तुळशीपुढे उभी राहायला येत नाही. आईला न्यायला येते आहे.

ती दारात आली की तुला काहीतरी म्हणावं लागेल. लांबलचक काही ठरवून ठेवू नकोस, तुला ते नीट म्हणता येणार नाही. "वहिनी, या" म्हणालास आणि तिच्या हातातली ट्रंक घेतलीस तर तिला तेवढं पुरेल.

मला पुरणार नाही. पण ते तू आणि मी पाहू, आई गाडीत बसल्यानंतर.

जनार्दन